विशेष मुलांचे लैंगिक शिक्षण

बौद्धिक अक्षमता, डाऊन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेली मुलेमुली साधारणपणे इतरांच्याच वयात पौगंडावस्थेत येतात. मासिक पाळी, वीर्यस्खलन, आकर्षण यांतले काहीच त्यांना टळत नाही. टळते ते फक्त त्याविषयीचे बोलणे. 'त्याला काय कळते' या समजुतीने घरात हा विषय निघतच नाही.

या मौनाची किंमत महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाहिली. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद (तेव्हाचा रूढ शब्द) मुलींच्या संस्थेतील काही तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी तीव्र विरोध केला. वास्तविक पॅड बदलणे हे दात घासण्यासारखेच शिकवता येते. लाल रंग लावलेला पॅड, बाहुली, चित्रांचा तक्ता आणि महिनोन्‌महिने तीच कृती, एवढी सामग्री पुरते. पाळी सुरू होण्याआधी आरंभ केल्यास मुलगी घाबरतही नाही.

शिक्षणाची सुरुवात मात्र त्याहून बरीच आधी, अवयवांच्या खऱ्या नावांपासून होते. लाडाच्या नावांनी सांगितलेली तक्रार पोलिसांना समजत नाही. त्यानंतर येतो खासगी आणि सार्वजनिक यांतला फरक. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवती एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला हा फरक दाखवायचा तरी कोठे? तेथे पडदा किंवा न्हाणीघराचे दारच खासगी जागा ठरवावी लागते. हस्तमैथुन करणाऱ्या मुलाला मारण्यापेक्षा ही जागा शिकवणे अधिक उपयोगी.

सर्वांत अवघड धडा नकाराचा. या मुलांना आंघोळ, शौच, कपडे यांसाठी इतरांचे हात लागतात आणि 'मोठ्यांचे ऐक' हे त्यांच्या अंगी बाणवलेले असते. पालक पाळ्यांमध्ये कामावर आणि मूल शेजाऱ्यांकडे, अशा घरांत ही आज्ञाधारकता घातक ठरू शकते. अंगाला हात लावण्यापूर्वी विचारणे, मुलाने 'नको' म्हटल्यास थांबणे, हे पालकांनी स्वतः पाळले तरच मूल ते शिकते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक हल्ला अधिक गंभीर मानला आहे. जबाब नोंदवताना विशेष शिक्षकाची मदत घेता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेचा, विशेषतः दिव्यांग स्त्रियांसाठी, उल्लेख आहे. मात्र पॉक्सोसाठी मानसिक नव्हे, शारीरिक वयच धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे बुद्धीने सहा वर्षांची असलेली वीस वर्षांची मुलगी त्या कायद्याच्या बाहेर राहते. तिच्यासाठी बलात्काराचा सर्वसाधारण कायदा लागू होतो. तिच्यावर काय घडले, हे तेथेही बहुधा तिलाच सांगावे लागते.