दुधाच्या दातांचा हिशेब

आपल्या बचत गटाच्या कर्जवहीत 'कारण' असा एक रकाना असतो. शेळी, शिलाई मशीन, बियाणं, शाळेची फी. मागच्या उन्हाळ्यात मी तिथं पहिल्यांदाच 'पोराची दाढ' असं लिहिलं. साडेतीन वर्षांचं पोर चार रात्री रडत होतं. आईचे खुरपणीचे तीन रोज बुडाले, बापाचा एक. वर तालुक्याला जायचं एसटीचं भाडं आणि दवाखाना. सासूबाईंचं म्हणणं एकच, "दुधाचेच दात, पडणारच आहेत. त्यांच्यावर कशाला पैसे घालायचे?" हे वाक्य मीही कधीतरी बोलले आहे. म्हणून आज या किडीचा इतिहास सांगते.

दाताला 'कीड लागली' असं आपण उगीच म्हणत नाही. सुश्रुतसंहितेत या रोगाचं नावच कृमिदंतक. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दातातला किडा घालवायचा मंत्र सापडला आहे. दात किडा पोखरतो, असं दूरदूरच्या देशांत हजारो वर्षं मानलं गेलं. पॅरिसच्या पिएर फोशार या दंतवैद्यानं १७२८ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि हा किडा नाकारला. खरं कारण १८९० साली विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्यानं मांडलं. ते तेव्हा बर्लिनमध्ये काम करत. दुधाचं दही होताना जंतू आंबटपणा तयार करतात ना, तसंच तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ अन्न आंबवतात आणि त्या आम्लानं दात झिरपत जातो.

साखर नेमकी कशी बाधते, ते स्वीडनमध्ये कळलं, पण कसं कळलं ते ऐकून मला वाईट वाटतं. लुंड शहरात विपेहोल्म नावाची मतिमंद माणसांची संस्था होती. १९४५ नंतर काही वर्षं तिथल्या रहिवाशांना मुद्दाम गोड खायला घातलं, दाताला चिकटणाऱ्या टॉफ्यासुद्धा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेनं थोडंच बिघडलं. मधल्या वेळी चघळलेल्या टॉफ्यांनी मात्र दात भराभर किडले. म्हणजे साखर किती, यापेक्षा दिवसातून किती वेळा, हे महत्त्वाचं. स्वीडनमधल्या घरांत मग मुलांना खाऊ फक्त शनिवारी द्यायची रीत पडली. आपण आज बैठकीत 'सारखं सारखं गोड देऊ नका' असं सहज सांगतो. त्यासाठी ज्यांची तोंडं नासली, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

१९६२ साली एलियास फास या अमेरिकी दंतवैद्यानं बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांबद्दल लिहिलं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात, ते वाचतात. या दुखण्याला बाटलीचंच नाव पडलं, आणि बाटली म्हटली की बोट आईकडेच! पण बाटली कधी न घेतलेल्या मुलांचेही दात किडत होते. १९९४ साली अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या बैठकीतून नवं नाव पुढे आलं, 'लहान वयातली दंतकीड'. सहा वर्षांखालच्या मुलाचा दुधाचा एक दात जरी किडला, भरावा लागला किंवा किडीमुळे गेला, तरी ते यात धरतात. नुसतं नाव बदललं असं काहीजण म्हणतील. मला तो मोठा बदल वाटतो.

तरी मोजायचे ते दातच. मुलाच्या दातांपायी घराचं काय होतं, हे विचारणारी एक प्रश्नावली २००७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी छापली. प्रश्न १३. नऊ मुलाबद्दल: दुखतं का, गरम-गार पिता येतं का, खाता येतं का, झोप लागते का, हसायचं टाळतं का, असे. उरलेले चार घराबद्दल. तुम्ही हवालदिल झालात का? अपराधी वाटलं का? कामावर खाडा पडला का? पैशाची ओढाताण झाली का? पुढे ही प्रश्नावली चिनी, फ्रेंच, पोर्तुगीज अशा भाषांत गेली. एवढ्या शतकांच्या इतिहासात आईची जागरणं आणि बुडालेला रोज कागदावर आला तो इतका अलीकडे.

ते चार प्रश्न मी आमच्या बैठकीत विचारले. खाड्याला आणि पैशाला बऱ्याच जणींनी हात वर केले. 'अपराधी वाटलं का' म्हटल्यावर सगळ्या गप्प. त्या पोराची आई खाली बघत होती. मग तिच्या सासूबाई म्हणाल्या, "ताई, सुनेला सकाळी लवकर कामावर जावं लागतं, म्हणून पोरगं रात्री माझ्याजवळ असायचं. साखर-दुधाची बाटली मीच द्यायचे."

त्यानंतर बाटली सोडवायची कशी, यावरच पाऊण तास गेला. साखर आधी बंद, मग दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत शेवटी नुसतं पाणी. दवाखान्यात त्यांना सांगितलेलंही सगळ्यांनी ऐकलं: मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. रात्री झोपताना ब्रश मोठ्या माणसानं करायचा, फ्लोराइडची पेस्ट तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. हप्ते गोळा करायचे राहूनच गेले. ते दुसऱ्या दिवशी मी घरोघर जाऊन घेतले.