संगीत नाटकाची जाहिरात आणि सनाचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी पौड परिसरातील एका कुटुंबात घर-आशीर्वादासाठी जाण्याचा योग आला. प्रार्थना आटोपल्यावर घरातील आजींनी आपली जुनी लोखंडी ट्रंक उघडून त्यांच्या सासूबाईंचे लुगडे दाखविले. लुगडे सुंदर होतेच; पण आमची नजर गेली ती ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या तांबूस पडलेल्या कागदाकडे. ती एका नाटकाची जाहिरात होती. 'संगीत मानापमान', 'शनिवार ता. ९ जून', तिकिटांचे दर रुपया-आण्यांत, आणि तान्ह्या मुलांना आणू नये अशी तळटीप. कंपनीचे व छापखान्याचे नाव ज्या कडेला असावे ती कड गंजाने खाल्ली होती. सन मात्र छापलेलाच नव्हता. आजींनी तो कागद आम्हांस आनंदाने दिला, वर, "फादर, एवढ्याशा रद्दीचं काय करणार?" असेही विचारले.

प्रश्न रास्त होता. सेमिनरीत शिकत असल्यापासून आम्ही संगीत नाटकांची हस्तपत्रके व भित्तिपत्रके जपत आलो आहोत. या छंदाचा उपयोग काय, हे पुष्कळदा आम्हांलाही नेमके सांगता आले नव्हते. त्या कागदाने ते सांगावयास भाग पाडले.

युरोपात या विषयाला मोठी प्रतिष्ठा आहे. तेथील ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत गायिलेले नाटक. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद असतात, एवढा भेद सोडला तर दोन्ही एकाच गोत्रातील. शिळाछापाचा शोध ज्याने १७९६ च्या सुमारास लावला तो आलोइस झेनेफेल्डर हा मूळचा नाटककार. स्वतःची नाटके स्वस्तात छापून काढावीत या विवंचनेतून तो दगडापर्यंत पोहोचला! शंभर वर्षांनी त्याच तंत्राने मिलान येथील रिकॉर्डी या संगीत-प्रकाशकांनी ऑपेराची रंगीत भित्तिपत्रके काढली. पुच्चिनीच्या 'तोस्का'साठी आडोल्फ होहेनस्टाईन यांनी व 'मादामा बटरफ्लाय'साठी (१९०४) लेओपोल्दो मेत्लिकोवित्स यांनी केलेली चित्रे आज संग्रहालयांत आहेत. ती टिकली, कारण ती भिंतीवरून काढून घरात लावावीशी वाटली.

आपल्याकडची गोष्ट निराळी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगले आणि संगीत रंगभूमीचा जन्म झाला. पण आपल्या जाहिरातीत चित्र क्वचितच असे. असत ती अक्षरे. मोठ्या लाकडी टाइपात नाटकाचे नाव, त्याखाली पात्रे, वेळ, दर. वास्तविक चित्रकार दूर नव्हते. मुळशीच्या उत्तरेस, शेजारच्या मावळात मळवली येथे राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना होता व तेथून देवदेवतांची चित्रे देशभर जात होती. १९७२ च्या आगीत तो जळाला. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. पुढे बाबूरावांच्याच 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भारतीय चित्रपट-भित्तिपत्रक मानले जाते. म्हणजे रंग होते, हात होते. नाटकवाल्यांना मात्र जाहिरातीपेक्षा पडद्यावर खर्च करणे पसंत होते. बालगंधर्वांचे नाव छापले की चित्राची गरजही नसावी!

ही अक्षरांची परंपरा पुढेही चालली. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी नाटकांच्या नावांना अशी वळणे दिली की वर्तमानपत्रातील जाहिरात पाहताच नाटकाचा स्वभाव कळावा. त्यामुळे मराठी संग्राहकाची मूळ प्रत ही बहुतेक वेळा वर्तमानपत्राचे कात्रणच असते. ते हलक्या कागदाचे, लवकर पिवळे पडणारे असते. हे मान्य करावयास कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आपल्या समाजाचा तर ऑपेराशी थेट संबंध आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर लुकाझिन्हो रिबैरो या गोव्याच्या तरुणाने काम केले, त्यांचे काही पोशाख विकत घेतले आणि १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात 'इटालियन भुरगो' हा कोंकणी खेळ केला. हाच पहिला तियात्र. त्या वर्षी १७ एप्रिलला ईस्टरचा रविवार होता. चाळीस दिवसांच्या उपवासकाळानंतर मुंबईतील गोवेकरांनी तो खेळ किती उत्साहाने पाहिला असेल याची कल्पना करावी. तियात्राची हस्तपत्रके पुढे हजारोंनी निघाली आणि हजारोंनी नाहीशीही झाली.

पौडच्या कागदाकडे परत येऊ. सन नसलेल्या जाहिरातीचा सन काढण्याची एक साधी रीत आहे. वार व तारीख यांची जोडी ठरावीक वर्षीच जुळते. 'मानापमान' रंगभूमीवर आले १२ मार्च १९११ रोजी. त्यानंतर ९ जूनला शनिवार येतो तो १९१७, १९२३, १९२८, १९३४, १९४५, १९५१ व १९५६ या वर्षी. दर आण्यांत आहेत; दशमान नाणी एप्रिल १९५७ मध्ये आली, तेव्हा त्यापुढील वर्षे पाहण्याचे कारण उरत नाही. पात्रांच्या यादीत भामिनीसमोर एका बाईंचे नाव आहे. मोठ्या नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका दीर्घकाळ पुरुषच करीत. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'नंतर हे चित्र पालटू लागले. म्हणून १९१७, १९२३ व १९२८ ही वर्षे बहुधा गळतात. उरली चार. त्यांतून एक निवडावयास छापखान्याचे नाव हवे होते. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण असणे बंधनकारक होते, आणि जाहिरातीच्या तळाची ती बारीक ओळ संग्राहकाला कलावंतांच्या नावांहून अधिक उपयोगी पडते. आमच्या कागदाची नेमकी तीच ओळ गंजाने नेली.

कोणी म्हणेल, एका प्रयोगाचा सन कळला काय, न कळला काय! ८ जुलै १९२१ चे उदाहरण घ्यावे. त्या दिवशी मुंबईत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. त्याच वर्षी १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, आमच्या या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला होता. सेनापती बापट पुढे त्याचे अध्वर्यू झाले. एकीकडे स्वराज्यासाठी चढ्या दराची तिकिटे विकली जात होती आणि दुसरीकडे मावळे आपली भातखाचरे वाचविण्यासाठी तुरुंगात जाण्याच्या तयारीत होते. या दोन घटना शेजारी ठेवता येतात, कारण दोन्हींच्या तारखा ठाऊक आहेत. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारले, हे ठाऊक असल्यावर त्या प्रयोगाची जाहिरात हाती घेताना मन वेगळेच होते.

जतनाच्या बाबतीत आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. पुण्यात पाहिलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'चे एक भित्तिपत्रक आमच्याकडे होते. ब्रेख्त व कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या ऑपेरावरून पु. ल. देशपांडे यांनी ते नाटक केले व थिएटर अकादमीने १९७८ मध्ये ते रंगभूमीवर आणले. मुळशीच्या पावसात कागदाला बुरशी धरू लागली, म्हणून मोठ्या हुशारीने आम्ही त्यावर प्लास्टिकचे वेष्टन तापवून चढवून घेतले. चार पावसाळ्यांत आतला कागद तपकिरी झाला, आणि आता वेष्टन काढू गेले तर शाई त्याबरोबर निघते. दोष कोणा दुकानदाराचा नाही, आमच्याच अज्ञानाचा. कागद सपाट ठेवावा, आम्लरहित कागदाच्या दोन घड्यांत ठेवावा, चिकटपट्टी लावू नये, आणि मागील बाजूस मऊ पेन्सिलीने तारीख, नाट्यगृह व सन लिहावा. शाई नको. कोरड्या दिवशी पेटी उघडून कसर पाहावी. याहून अधिक विद्या यास लागत नाही.

खरी अडचण जुन्या कागदांची नसून आजच्या नाटकांची आहे. प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' २०१७ मध्ये आले आणि संगीत नाटक पुन्हा गर्दी खेचू शकते हे दिसले. पण आजची जाहिरात बहुतांशी भ्रमणध्वनीवर येते व दुसऱ्या दिवशी पुसली जाते. नाट्यगृहाबाहेरचा फ्लेक्स प्रयोग संपताच कोणाच्या तरी छपरावर ताडपत्री म्हणून जातो. १८८० च्या प्रयोगांविषयी निदान वर्तमानपत्रांतून काही कळते. २०१७ च्या प्रयोगाचा कागद मात्र शंभर वर्षांनी शोधावा कोठे? म्हणून हल्ली नाट्यगृहावर गेलो की आम्ही खिडकीवरील माणसाला एखादे छापील पत्रक आहे का असे विचारतो. बहुतेकदा तो नकारार्थी मान हलवितो. एकदा मात्र एकाने भिंतीवरचे चिकटविलेले पत्रकच अलगद सोडवून दिले. त्याच्या पाठीवर आम्ही तेथेच सन लिहिला.

आमच्या धर्मग्रामात नाताळच्या नाटकांची पत्रके निघतात. परवा ग्रंथालयात त्यांची एक थप्पी हाती आली: 'रविवार, सायंकाळी ७ वाजता, चर्चच्या पटांगणात'. सन एकावरही नाही. त्यांतील दोन आमच्याच हातची आहेत.

पौडच्या आजींना आम्ही त्यांच्या कागदाविषयीची ही चार वर्षे वाचून दाखविली. त्या थोडा वेळ बोटे मोजीत राहिल्या आणि म्हणाल्या, "चौतीस नसणार. सासूबाई लग्न होऊन आल्या त्या चाळीस साली, आणि ट्रंक माहेरची न्हवं, इथंच घेतलेली." तीन राहिली आहेत.