अमेरिकन कॉलेजचा प्रवेश अर्ज : लॅटिनच्या तोंडी परीक्षेपासून आजच्या फायलीपर्यंत

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या, म्हणजे बारावीच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला ‘सीनियर’ म्हणतात. त्याचे ते अख्खे वर्ष कॉलेजच्या अर्जांभोवती फिरते. शाळेतले चार वर्षांचे गुण, एसएटी किंवा एसीटी या परीक्षेचा निकाल, शिक्षकांची शिफारसपत्रे, स्वतःविषयीचा निबंध, खेळ, वाद्यवादन आणि समाजकार्य यांची यादी, शिवाय आईवडिलांच्या उत्पन्नाचा तपशील अशी एक फाईल तयार होते. महाराष्ट्रात बारावीचे किंवा सीईटीचे गुण यादीत मांडले की प्रवेशाचा प्रश्न बहुतांशी सुटतो. अमेरिकेतील नामवंत कॉलेजांत मात्र अर्ज वाचणारे अधिकारी गुणांच्या पलीकडे जाऊन हा मुलगा किंवा मुलगी कोण आहे, याचा अंदाज बांधू पाहतात. ही पद्धत कुणी एका बैठकीत आखलेली नाही. गेल्या पावणेचारशे वर्षांत कधी गरजेपोटी, कधी सुधारणेच्या ओढीने आणि एका टप्प्यावर तर उघड द्वेषापोटी त्या फाईलमध्ये एकेक कागद वाढत गेला.

१६३६ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्डचे सुरुवातीचे नियम थोडक्यात होते. सिसेरोसारख्या लेखकाचा लॅटिन उतारा समोर ठेवताच वाचून समजणे, लॅटिन गद्य-पद्य रचता येणे आणि ग्रीक नामे-क्रियापदे चालवता येणे एवढी तयारी असली की मुलाला प्रवेश मिळे. परीक्षा तोंडी असे आणि कॉलेजचे अध्यक्ष व शिक्षकच ती घेत. १७४५ मध्ये येलने अंकगणिताची अट घातली, पुढे भूगोल आणि बीजगणित आले. पण दोन शतके पाया लॅटिन-ग्रीकचाच राहिला. कॉलेज निवडण्याचा प्रश्न तेव्हा फारसा पडत नसे. जवळचे कॉलेज, किंवा ज्या ख्रिस्ती पंथात घराणे वाढले त्या पंथाचे कॉलेज, एवढाच विचार होई.

एकोणिसाव्या शतकात देश पश्चिमेकडे पसरला तशी गावोगावी पंथांची छोटी कॉलेजे उघडली. विद्यार्थी थोडे आणि कॉलेजे फार, अशी स्थिती होती. फी आली नाही तर शिक्षकांचे पगार अडत. त्यामुळे परीक्षेत एखाद-दुसऱ्या विषयात कच्चा ठरलेल्या मुलालाही तो विषय पुढे पुरा करण्याच्या अटीवर घेतले जाई. अनेक कॉलेजांनी स्वतःचेच पूर्वतयारीचे वर्ग चालवले, कारण परिसरात कॉलेजपर्यंत नेणारी शाळाच नसे. न्यूयॉर्क राज्यात मुलींसाठी १८६५ मध्ये सुरू झालेल्या व्हॅसर कॉलेजलाही असे वर्ग ठेवावे लागले. आज विद्यार्थी कॉलेजच्या दाराशी रांगा लावतात. त्या काळी कॉलेजेच विद्यार्थी शोधत होती.

नियमांतला हा सैलपणा एका मराठी स्त्रीच्या वाटेत मदतीला आला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला पोहोचल्या आणि त्याच वर्षी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पुऱ्या करत नसू, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले होते. कोणते विषय शिकलो आणि आपल्या देशातील स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षण का हवे, हेही मांडले होते. वय होते अठरा. प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्यामागे ना ठरावीक शाळा होती, ना कोणत्या मंडळाचे प्रमाणपत्र. एका मनापासून लिहिलेल्या पत्राने कॉलेजचे दार उघडू शकत होते.

कॉलेज आणि हायस्कूल यांची व्यवस्थित सांधेजोड प्रथम मिशिगनमध्ये झाली. १८७०-७१ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाचे हंगामी अध्यक्ष हेन्री फ्रीझ यांनी जर्मनीतील पद्धत डोळ्यांपुढे ठेवून नवा नियम केला. विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी हायस्कूलला भेट द्यावी, अध्यापन तपासावे, आणि शाळा मान्यतेस उतरली तर तिच्या विद्यार्थ्यांना परीक्षेशिवाय, शाळेच्या दाखल्यावर प्रवेश द्यावा. विद्यार्थ्याऐवजी शाळेची परीक्षा घेणारी ही कल्पना होती. तिचा लाभ करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या सरकारी हायस्कूलांतल्या सामान्य घरच्या मुलांना झाला. मध्य-पश्चिमेकडील राज्यांनी ती भराभर उचलली. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठे आजही शाळेतील गुणांना जे वजन देतात, त्याचे मूळ इथे सापडते, आणि या सगळ्या इतिहासातली ती बहुधा सर्वांत न्याय्य सुधारणा होती.

पूर्वेकडची जुनी कॉलेजे परीक्षेलाच धरून बसली. प्रत्येक कॉलेजची परीक्षा वेगळी, नेमलेले लॅटिन ग्रंथ वेगळे. एकाच वर्गातली मुले चार-पाच कॉलेजांना जाणार असली तर त्यांना वेगवेगळे शिकवावे लागे, आणि शाळांचे मुख्याध्यापक त्याने हैराण झाले होते. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट आणि कोलंबियाचे निकोलस मरे बटलर यांच्या पुढाकाराने १९०० मध्ये कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड स्थापन झाले. जून १९०१ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. ९७३ विद्यार्थी बसले. अमेरिकेत ६७ आणि युरोपात २ केंद्रे होती. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित, रसायन आणि पदार्थविज्ञान या नऊ विषयांची उत्तरे सविस्तर लिहायची होती. हे बोर्ड फक्त गुण देत असे. कुणाला घ्यायचे ते प्रत्येक कॉलेज ठरवी. ती विभागणी आजतागायत टिकली आहे.

परीक्षा सामाईक झाल्यावर मात्र एक गोष्ट घडली, जी जुन्या कॉलेजांच्या चालकांनी धरून चालली नव्हती. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले न्यूयॉर्क-बॉस्टनच्या सरकारी शाळांत शिकून ही परीक्षा उत्तम गुणांनी पास होऊ लागली. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास ज्यू विद्यार्थी सुमारे सात टक्के होते; १९२२ पर्यंत ते वीस टक्क्यांच्या पुढे गेले. अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी त्या वर्षी ज्यूंची संख्या पंधरा टक्क्यांवर रोखण्याचा विचार उघडपणे मांडला. त्यावर देशभर गदारोळ झाला. प्राध्यापकांच्या समितीने धर्म किंवा वंश पाहून भेदभाव करू नये, असा निर्वाळा दिला.

जे उघडपणे जमले नाही ते अर्जाच्या आडून साधले गेले. हार्वर्डच्या अर्जात १९२२ मध्येच नवे रकाने आले होते : वंश व वर्ण, धर्म, आईचे माहेरचे नाव, वडिलांचे जन्मस्थान, आणि जन्मानंतर स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावात बदल झाला असल्यास त्याचा खुलासा. १९२६ मध्ये पहिल्या वर्षाच्या जागांवर सुमारे एक हजारांची मर्यादा घातली गेली आणि ‘चारित्र्य व व्यक्तिमत्त्व’ यांना निवडीत मोठे वजन मिळाले. छायाचित्र, शिफारस, मुलाखत यांचे महत्त्व वाढले. डार्टमथने १९२१ च्या सुमारास अशीच ‘निवडक प्रवेश’ पद्धत जाहीर केली होती. तीत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आणि दूरच्या प्रांतांतून येणाऱ्यांना झुकते माप होते. येल आणि प्रिन्स्टन त्याच वाटेने गेली. १९२५ मध्ये हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत पाव भागाहून अधिक असलेले ज्यू विद्यार्थी वर्षभरातच सुमारे पंधरा टक्क्यांवर आले. कृष्णवर्णीयांची स्थिती तर याहून वाईट होती. प्रिन्स्टनने दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांना पदवीच्या वर्गांत जवळजवळ घेतलेच नाही.

आजच्या अर्जातले निबंध, शिफारसपत्रे आणि ‘सर्वांगीण’ मूल्यमापन यांचा वंशवृक्ष या दशकापर्यंत जातो. ज्या गोष्टींना गुणपत्रिकेसारखे मोजमाप नसते त्या निकष झाल्या की निर्णय घेणाऱ्याच्या हातात मोकळीक येते. ती मोकळीक गुणी मुलाला वर काढायलाही वापरता येते आणि नकोशा मुलाला बाहेर ठेवायलाही. १९२० च्या दशकात ती दुसऱ्या कामासाठी निर्माण झाली, हे विसरून पुढचा इतिहास नीट समजत नाही.

याच काळात एसएटी जन्माला आली. पहिल्या महायुद्धात सैनिकांची बुद्धिमापन चाचणी घेणाऱ्या मंडळींपैकी प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनी ती तयार केली. २३ जून १९२६ रोजी ८,०४० विद्यार्थ्यांनी ती प्रथम दिली. ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये बुद्धिमत्ता वंशानुसार ठरते असा दावा करणारे पुस्तक लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र टिकली आणि वेगळ्याच हेतूसाठी कामी आली. १९३३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेले जेम्स कोनंट यांना श्रीमंतांच्या खासगी शाळांबाहेरची हुशार मुले हवी होती. लॅटिनचे उतारे न शिकलेल्या छोट्या गावातल्या मुलाची कुवत कशी ओळखायची, या प्रश्नाला त्यांचे सहकारी हेन्री चॉन्सी यांनी एसएटी हे उत्तर दिले. १९३४ पासूनच्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांसाठी ती वापरली गेली. महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये बोर्डाच्या जुन्या लेखी परीक्षा बंद पडल्या, आणि १९४८ पासून कामाला लागलेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेचे पहिले अध्यक्ष चॉन्सीच झाले. आयोवात १९५९ मध्ये सुरू झालेली एसीटी शाळेत शिकवलेल्या अभ्यासक्रमाच्या अधिक जवळ राहिली.

दरम्यान विद्यार्थ्यांची संख्या पार बदलली होती. १९०० मध्ये सतरा वर्षांच्या मुलामुलींपैकी सहा टक्क्यांच्या आसपास हायस्कूल पूर्ण करत. १९४० मध्ये निम्मी करू लागली. १९४४ च्या जीआय कायद्याने युद्धावरून परतलेल्यांची फी सरकारने भरली आणि वीस लाखांहून अधिक माजी सैनिक कॉलेजांत गेले. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या घरांत कॉलेजचा विषय प्रथमच निघू लागला. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये सरळ आराखडाच आखला : वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशाला राज्य कॉलेजे, आणि बाकी सर्वांना कम्युनिटी कॉलेज खुले, जिथून दोन वर्षांनी विद्यापीठात जाता येई.

दक्षिणेत तोवर कागदच भिंतीसारखे उभे केले जात होते. मिसिसिपी विद्यापीठ अर्जदाराकडून माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रे मागत असे. माजी विद्यार्थी सगळे गोरे, तेव्हा कृष्णवर्णीय मुलाला पत्र देणार कोण? कृष्णवर्णीय अर्जदार जेम्स मेरेडिथ यांच्या खटल्यात न्यायालयाने ही अट टिकू दिली नाही. १९६२ मध्ये संघराज्याच्या फौजेच्या बंदोबस्तात त्यांनी प्रवेश घेतला. त्या वेळी झालेल्या दंगलीत दोन माणसे मेली. पूर्वेकडे मुलींनाही वाट पाहावी लागली : येल आणि प्रिन्स्टनने पदवीच्या वर्गांत मुली घेतल्या त्या १९६९ मध्ये.

अर्जदार वाढले तसे नामवंत कॉलेजांत जागांचे प्रमाण घटत गेले आणि दोन्ही बाजूंनी डावपेच आले. एकाच कॉलेजला आधी अर्ज करून, मिळाल्यास तिथेच जाण्याचे वचन देणारी ‘अर्ली डिसिजन’ पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुजली. तिचा फायदा शिष्यवृत्तीच्या रकमा ताडून पाहण्याची गरज नसलेल्या घरांना अधिक होतो. १९७५ मध्ये पंधरा खासगी कॉलेजांनी एकच छापील अर्ज, ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’, स्वीकारला. १९९८ मध्ये तो इंटरनेटवर आला आणि आज हजाराहून अधिक संस्था तो घेतात. अर्ज करणे सोपे झाले, म्हणून प्रत्येकाचे अर्ज वाढले, म्हणून नकारही वाढले. त्यात १९८३ पासून ‘यू. एस. न्यूज’ साप्ताहिकाच्या क्रमवारीची भर पडली. ज्या कॉलेजात नकार जास्त ते श्रेष्ठ, अशी समजूत तिने पसरवली. प्रत्यक्षात अमेरिकेतील बहुसंख्य कॉलेजे आपल्याकडे अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना घेतात. धडपड सगळी मूठभर नावांसाठी आहे.

‘सर्वांगीण’ पद्धतीला कायद्याचा आधार १९७८ च्या बॅकी खटल्यात मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय कॉलेजने शंभरपैकी सोळा जागा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राखीव ठेवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या, पण वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहता येईल असे म्हटले, आणि न्यायमूर्ती पॉवेल यांनी आदर्श म्हणून हार्वर्डच्या पद्धतीचा दाखला दिला. ज्यूंना रोखायला जी मोकळीक घडवली गेली तीच आता कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांना आत आणण्याचे साधन ठरली. २०१४ मध्ये त्याच हार्वर्डवर आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात कमी लेखल्याचा दावा दाखल झाला. अमेरिकेतील भारतीय घरांत, मराठी घरांतही, हा विषय जिव्हाळ्याचा होता. खालच्या न्यायालयांनी हार्वर्डच्या बाजूने निकाल दिले; २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि वंशाधारित प्राधान्य बंद केले. वंशामुळे आयुष्यात काय घडले हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, एवढी वाट मात्र निकालाने ठेवली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत त्या निकालाने गेली नाही. जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्टने ती आधीच सोडली होती, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ च्या कायद्याने खासगी कॉलेजांतही तिच्यावर बंदी घातली.

एसएटीचेही पारडे वर-खाली होत राहिले. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने १९६९ मध्येच ती ऐच्छिक केली होती. करोनाकाळात जवळपास सगळ्यांनी केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती कायमची सोडली, तर एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये परीक्षेचे गुण परत सक्तीचे केल्याचे जाहीर केले. गरीब शाळांतल्या हुशार मुलांना ओळखायला तिचा उपयोग होतो, हा कोनंट यांचाच युक्तिवाद त्यांनी पुन्हा मांडला.

निकाल हाती आल्यावर निवड करण्याची पाळी विद्यार्थ्याची येते, आणि तिथे पैसा बोलतो. सरकारी मदतीसाठीचा एकच मोफत अर्ज, ‘फाफ्सा’, १९९२ च्या कायद्याने आला. त्यावरून प्रत्येक कॉलेज किती मदत देणार ते कळवते, आणि घरी बसून आकडे ताडून परंपरेने १ मेपर्यंत एका ठिकाणी अनामत भरायची असते. त्या तारखेनंतर दुसऱ्याचा विद्यार्थी ओढू नये, असा प्रवेश सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम होता. स्पर्धेला आडकाठी म्हणून न्याय खात्याने हरकत घेतल्यावर २०१९ मध्ये तो काढावा लागला. २०२४ च्या हंगामासाठी फाफ्साचा नवा नमुना उशिरा आणि चुकांसह निघाला. मदतीची पत्रे वेळेवर पोहोचली नाहीत, त्यामुळे अनेक कॉलेजांनी त्या वर्षी १ मेची मुदत पुढे ढकलली.