लय : डीजे-वादनातील

ध्वनिमुद्रित गाणी खंड न पडू देता एकाला एक जोडून वाजवण्याच्या कलेत लय, म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील अंतर व त्यातून जाणवणारी गाण्याची गती, हा निवडीचा पहिला निकष मानला जातो. ही गती मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांत मोजतात आणि त्या संख्येला व्यवहारात ‘बीपीएम’ म्हणतात. 120 बीपीएमच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. सहज चालणाऱ्या माणसाची पावलेही मिनिटाला साधारण 110 ते 120 पडतात, आणि नृत्यसंगीताचा फार मोठा भाग याच संख्येच्या आसपास आढळतो. हाउस संगीत बहुधा 118 ते 130च्या दरम्यान असते, हिपहॉप 85 ते 110पर्यंत संथ असते, तर ड्रम अँड बेस 160 ते 180पर्यंत चढते.

महाराष्ट्रातील गावांत डीजे वाजतो तो मुख्यतः वरातीत, गणेशविसर्जनात आणि जयंतीच्या मिरवणुकीत. तेथे वाहनावर रचलेली ध्वनिव्यवस्था आणि ती चालवणारा माणूस या दोघांनाही डीजे हेच नाव आहे. शहरी क्लबमध्ये रात्रभर एकाच जातीचे संगीत ठरावीक लयीच्या पट्ट्यात वाजू शकते. वरातीत मात्र दोन तासांत लावणी, कोळीगीत, भीमगीत, हिंदी चित्रपटगीत आणि ‘सैराट’ (2016) मधील अजय–अतुल यांच्या ‘झिंगाट’सारखे गाणे यांची फर्माईश होते, नाचणाऱ्यांत नवरदेवाच्या मित्रांपासून आजीपर्यंत सर्व वयांची माणसे असतात आणि जमाव पुढे सरकतही असतो. त्यामुळे लयीचा प्रश्न क्लबपेक्षा येथे अधिक अवघड होतो.

दोन गाणी एकमेकांवर चढवताना लय का जुळावी लागते, हे साध्या हिशोबाने समजते. एक गाणे 120चे व दुसरे 121चे असेल, तर एकत्र सुरू झालेले त्यांचे ठोके सहा सेकंदांत एका ठोक्याच्या दशांशाने, म्हणजे सुमारे 50 मिलिसेकंदांनी, सरकतात आणि एका ठोक्याच्या जागी दोन अडखळते ठोके ऐकू येतात. अर्ध्या मिनिटात तर एकाचा ठोका दुसऱ्याच्या बरोबर मध्ये पडतो. 1960च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो याने दोन तबकड्यांचे ठोके जुळवून वाजवण्याची रीत रुजवली. टेक्निक्स कंपनीच्या एसएल-1200 या तबकडीवादकाच्या 1979च्या आवृत्तीत सरकपट्टीने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येऊ लागला, म्हणजे 120चे गाणे 110.4 ते 129.6पर्यंत नेणे शक्य झाले. पण तबकडीचा वेग वाढला की सूरही चढतो. सहा टक्के वाढीला सुमारे अर्धा स्वर चढतो, आणि गायिकेचा आवाज पातळ, बालिश वाटू लागतो. सूर स्थिर ठेवून लय बदलणारी अंकीय यंत्रे आल्यावर ही अडचण बरीचशी मिटली, आणि आज संगणकच बीपीएम दाखवतो व एका कळीवर ठोके जुळवून देतो. ठोके जुळवण्याचे कष्ट असे यंत्राने उचलल्यामुळे डीजेचे कसब आता गाणे निवडण्यातच पाहिले पाहिजे.

या निवडीत नुसत्या संख्येवर विसंबणे मराठी गाण्यांच्या बाबतीत विशेष घातक ठरते. द्रुत दादरा तालात पाय एका आवर्तनात दोनदा पडतो व प्रत्येक पावलाचे तीन भाग होतात. कहरवा तालात तेच पाऊल दोन किंवा चार भागांत विभागले जाते. म्हणून दोन्ही गाण्यांची संख्या सारखी असली तरी ती एकमेकांवर चढवताच तीन आणि दोन यांची ओढाताण सुरू होते आणि नाचणाऱ्याचा पाय गोंधळतो. उलट 70 आणि 140 या संख्या दूरच्या दिसल्या तरी दुसरी पहिलीची दुगुण असल्यामुळे ती गाणी सुखाने जुळतात. जुन्या लावण्यांत आणि हलगी-संबळाच्या मुद्रणांत आणखी एक पेच असतो : वादक ठेका धरून लय हळूहळू वाढवत नेतात, त्यामुळे यंत्राने दाखवलेली सरासरी संख्या गाण्याच्या आरंभीही खरी नसते आणि शेवटीही नसते. हे चढत जाणे हाच त्या वादनाचा प्राण आहे; रिमिक्स करताना ते कापून सपाट केले, की ठोके जुळतात पण ढोलकीची चढती रंगत नाहीशी होते. नाचावेसे वाटणे केवळ गतीवर अवलंबून नसल्याचे प्रयोगांतूनही दिसले आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फार सरळ किंवा फार गुंतागुंतीच्या तालांपेक्षा, अपेक्षित जागेऐवजी आड पडणाऱ्या आघातांचे प्रमाण मध्यम असलेल्या तालांनी श्रोत्यांना अंग हलवण्याची सर्वाधिक इच्छा झाल्याचे आढळले.

लय चढवत नेण्याची सर्वसामान्य रीत दर गाण्याला दोन-चार ठोक्यांची वाढ अशी असते. एकदम वीस-पंचवीस ठोक्यांची उडी घ्यायची झाल्यास मध्ये विराम लागतो, आणि मिरवणुकीत तो विराम जयघोष पुरवतो : ‘गणपती बाप्पा मोरया’ झाल्यावर जुना ठेका कानातून उतरलेला असतो व पुढचे गाणे कोणत्याही लयीत सुरू करता येते. जमाव थकल्याचे दिसताच आवाज वाढवण्याची सवय मात्र सर्रास आढळते, आणि ती लयीच्या जाणिवेचा अभाव दाखवते. अशा वेळी थोडे संथ पण भरदार ठेक्याचे गाणे लावले तर थकलेली माणसे बसून न जाता नाचत राहतात, आणि नंतर लय पुन्हा चढवता येते. शिवाय आवाजाला कायद्याची मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही पातळी ठरवलेली असून रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ध्वनिवर्धक वाजवण्याची वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते.