गोळी पोचली, अट वाटेत राहिली

मंडळी, २०२१ चा उन्हाळा आठवतो? कोरोनातून उठलेल्यांना 'काळी बुरशी' गाठत होती. महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे, जबडे गेले. मोठी कारणं दोन: ताब्यात नसलेली शुगर आणि गरज नसताना घेतलेली स्टेरॉईड.

ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्येच सांगितलं होतं: डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, फायदा फक्त ऑक्सिजन लागणाऱ्यांना. आपल्याकडे गोळी पोचली, अट वाटेतच राहिली.

हे नवं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन दिलं आणि संधिवाताने जखडलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० ला नोबेल मिळालं. पण चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं हेही लवकरच दिसलं.

औषध वाईट नाही. दम्याच्या जोराच्या झटक्यात तेच जीव वाचवतं. म्हणून घाबरून एकदम सोडूही नका. काही आठवडे गोळी चालली की शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करतं. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा असतो.

आणि गुडघेदुखीवर कुणी बिननावाची पुडी दिली, तर आधी विचारा: यात काय आहे?