सैनिकी सेवेसाठी विज्ञानशिक्षण : औरंगाबाद येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेच्या निमित्ताने

प्रस्तावना

शालेय मुलांच्या विज्ञानशिक्षणात सैन्यदलांनी लक्ष घालण्याची कारणे देशपरत्वे भिन्न आहेत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा 'स्टारबेस' हा उपक्रम १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशिगन राज्यातील हवाई तळावर सुरू झाला. त्यात प्रामुख्याने पाचवीच्या मुलांना प्रयोग करण्याची व वस्तू घडविण्याची संधी दिली जाते. महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. येथे हस्तकौशल्याचे शिक्षण आणि अधिकारीपदाची तयारी हे दोन प्रवाह बहुधा स्वतंत्रपणे वाहत राहिले. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील संस्थेचा विचार या पार्श्वभूमीवर करणे उचित ठरते.

छात्रसेनेतील प्रतिकृती-निर्मिती

पहिल्या प्रवाहाचे उदाहरण म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १९४८ मध्ये तिचा कायदा संमत झाला. औरंगाबाद त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतरच अशा योजनेला येथे वाट मिळणे शक्य होते. छात्रसेनेत १९५० मध्ये हवाई व १९५२ मध्ये नौदल शाखेची भर पडली आणि विमानांच्या व जहाजांच्या प्रतिकृती बनविणे हा प्रशिक्षणाचा भाग झाला. बाल्सा या हलक्या लाकडाचा पंख कोरताना तो कोठे जाड व कोठे निमुळता ठेवावा, गुरुत्वमध्य पुढे सरकला तर ग्लायडर नाक खाली का घालतो, हे विद्यार्थ्याला फळ्यावरील आकृतीपेक्षा मोडलेल्या प्रतिकृतीवरून अधिक लवकर कळते. तथापि हवाई व नौदल शाखांचा विस्तार भूदल शाखेच्या तुलनेने मर्यादितच राहिला. बहुसंख्य शाळांतील छात्रांच्या वाट्याला कवायत आणि रायफलच आली.

साताऱ्यापासून औरंगाबादपर्यंत

दुसरा प्रवाह अधिकारी-निवडीचा. सैनिकी शाळांच्या योजनेतील पहिली शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली. अधिकारीवर्गातील प्रादेशिक व सामाजिक असमतोल दूर करणे हा या योजनेचा घोषित हेतू होता. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी महाराष्ट्रातच, खडकवासल्यात असूनही तेथील प्रवेशाच्या परीक्षेत मराठी मुले मागे पडतात, ही खंत मात्र टिकून राहिली. या खंतीतूनच राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. दहावीनंतर लेखी परीक्षा व मुलाखतीद्वारे निवडलेल्या मुलांनी येथे निवासी राहून अकरावी-बारावीचे विज्ञानशिक्षण घ्यावे आणि सोबतच प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करावी, अशी ही योजना आहे. हा खर्च संरक्षण मंत्रालयाने नव्हे, तर राज्याने उचलला, ही बाब महत्त्वाची आहे. मराठवाड्यासारख्या, शिक्षणसंस्थांची उभारणी उशिरा झालेल्या विभागात ही संस्था आली, याचे मोलही कमी लेखता येत नाही.

विज्ञानशाखेचा आग्रह सकारण होता. प्रबोधिनीच्या नौदल व हवाई दल विभागांसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित आवश्यक असते. शिवाय ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत एकट्या गणिताला ३०० गुण आहेत. परंतु अशा परीक्षेसाठी शिकलेले विज्ञान स्वाभाविकपणे पर्यायांतून उत्तर निवडण्याकडे झुकते. प्रयोगशाळा बारावीच्या प्रात्यक्षिकापुरती उरण्याचा धोका येथे असतोच.

मौजेची गोष्ट अशी, की लेखी परीक्षेतून वगळलेले हात निवड मंडळाच्या मैदानावर पुन्हा कामाला लागतात. तेथील गटकार्यात फळी, लाकडी ओंडका, दोर आणि एक ओझे एवढेच साहित्य मिळते. मधली जमीन निषिद्ध असते व आधार मोजकेच. फळी पुढच्या आधारापर्यंत पोहोचत नसेल तर तिचे मागचे टोक एकाने दाबून धरायचे आणि पुढे आलेल्या टोकावरून दुसऱ्याने पलीकडे जायचे. ही निव्वळ तरफेची करामत आहे. मागच्या टोकावर बसलेला मुलगा घाईने उठला की पुढचा पडतो. येथे नेतृत्व व सहकार्य जोखले जाते, विज्ञान नव्हे, असे म्हटले जाईल. पण घरी बैलगाडीचे चाक उचललेला किंवा विहिरीवर मोट पाहिलेला मुलगा या प्रसंगी गांगरत नाही. ग्रामीण अनुभवाला इतका थेट वाव संपूर्ण निवडप्रक्रियेत अन्यत्र क्वचितच मिळतो. पूर्वतयारीच्या संस्थांनी या बाजूला शिक्षणाचा दर्जा द्यावयास हवा होता. व्यवहारात तिला बहुधा सरावाचाच दर्जा मिळाला.

मुलींचा प्रश्न

या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव मात्र अध्यापनपद्धतीची नव्हती. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी केवळ मुलांसाठी असल्याने औरंगाबादची संस्थाही केवळ मुलांसाठीच राहिली. छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ पासून आहे, म्हणजे गणवेश घातलेल्या मुली समाजाला नवीन नव्हत्या. नवीन होते ते खडकवासल्याचे दार. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे मुलींना प्रवेशपरीक्षेस बसण्याची मुभा दिली आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी प्रबोधिनीत दाखल झाली. त्यानंतर राज्य शासनाने औरंगाबादच्या धर्तीवर मुलींसाठी स्वतंत्र संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे सुरू केली. प्रबोधिनीच्या पहिल्या १७ महिला छात्र ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलनातून बाहेर पडल्या. मुलांच्या पूर्वतयारीसाठी राज्याने औरंगाबादेत सोय केल्याला तोवर ४८ वर्षे झाली होती.