एकतीस मंगळवार, सव्वीस भाग

जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर ‘मिराई शोनेन कोनान’ ही मालिका 4 एप्रिल 1978 रोजी सुरू झाली आणि 31 ऑक्टोबर 1978 रोजी संपली. मराठीत नाव द्यायचं तर ‘भविष्यातला मुलगा कोनान’. वार मंगळवार, वेळ संध्याकाळी साडेसात. या दोन तारखांमधले मंगळवार मोजले, दोन्ही टोकं धरून, तर ते 31 भरतात. भाग मात्र 26 आहेत. म्हणजे पाच मंगळवारी मालिका दिसली नाही. ॲनिमेशनच्या इतिहासात अशा पाच रिकाम्या जागांना फार मोल असतं, कारण त्या काळी साप्ताहिक मालिका हातानं काढली जात असे. एक भाग दाखवला जात असताना पुढचे भाग टेबलावर असत. प्रक्षेपण सुरू होण्याआधी कोनानचे काही भाग तयार होते, पण आठवड्याच्या वेगापुढे ही शिल्लक आटत गेली. वाहिनीनं खंड घेतलेला प्रत्येक मंगळवार चित्रकारांच्या पदरात पडलेला एक आठवडा होता.

वेळेचा आणखी एक हिशेब या मालिकेच्या बाजूनं होता. एनएचकेवर जाहिराती नसतात. इतर वाहिन्यांवर अर्ध्या तासाच्या मालिकेला जाहिराती वजा जाता जवळपास 24 मिनिटं उरत. कोनानचा भाग साधारण 29 मिनिटांचा आहे. म्हणजे सगळी मालिका मिळून बारा तासांहून जास्त. एनएचकेची ही पहिलीच साप्ताहिक ॲनिमेशन मालिका. तिथे खेळणी विकणारा प्रायोजक नव्हता, त्यामुळे नायकाला यंत्रमानव देण्याची सक्तीही नव्हती. मालिकेत यंत्रं खूप आहेत, पण सगळी जुनी, गंजलेली, दुरुस्त करून चालवलेली. हे कथेच्या गरजेतून आलं आहे आणि ते पडद्यावर जाणवतं.

कथा काय आहे हे प्रत्येक भागाच्या सुरुवातीचं निवेदनच सांगतं. 2008 सालचा जुलै महिना. अण्वस्त्रांहूनही भयंकर अशी चुंबकीय शस्त्रं वापरली जातात आणि अर्धं जग क्षणात नाहीसं होतं. पृथ्वीचा आस वाकतो, खंड फाटून समुद्रात बुडतात. काही माणसं यानात बसून अवकाशात पळून जायचा प्रयत्न करतात, पण त्यांना परत फिरावं लागतं आणि त्यांचं यान एका छोट्या बेटावर कोसळतं. गोष्ट सुरू होते त्यानंतर वीस वर्षांनी. त्या बेटावर आता दोघंच उरले आहेत, एक म्हातारा आणि एक मुलगा. तो मुलगा कोनान. युद्धाच्या वेळी तो जन्मलेलाही नव्हता.

याच ठिकाणी थांबून मूळ कादंबरी हातात घ्यावी लागते. श्रेयनामावलीत मूळ लेखक म्हणून अलेक्झांडर की यांचं नाव आहे. 1904 साली जन्मलेले हे अमेरिकन लेखक आधी पुस्तकांसाठी चित्रं काढत, मग स्वतःच मुलांसाठी लिहू लागले. डिस्नेनं 1975 साली ज्यावर चित्रपट केला ती ‘एस्केप टू विच माउंटन’ त्यांचीच. ‘द इनक्रेडिबल टाइड’ ही त्यांची कादंबरी 1970 साली आली. त्यातल्या कोनाननं प्रलय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे आणि त्यानंतरची कित्येक वर्षं त्यानं पक्ष्यांच्या सोबतीनं एकट्यानं काढली आहेत. काय गेलं ते त्याला ठाऊक आहे. मालिकेतल्या कोनानला ते ठाऊक नाही. त्याच्यापुरतं जग म्हणजे समुद्र, मासे, आजोबा आणि ते गंजलेलं यान, ज्याला तो घर समजतो.

माझ्या मते बाकीचे सगळे बदल या एका बदलातून निघतात. कादंबरीत युद्धाआधीच्या दोन गटांची सावली सरळ पडते. इंडस्ट्रिया हे यंत्रनगर एका बाजूला, हाय हार्बर ही शेती-मासेमारीवर जगणारी वस्ती दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शीतयुद्धाची जुनी रेघ. ज्याला युद्ध आठवतं त्याला ती रेघही आठवते. मालिकेच्या कोनानला कुठल्याच बाजूचा इतिहास नाही. तो इंडस्ट्रियात जातो तेव्हा शत्रूच्या गावात शिरत नाही, अनोळखी गावात शिरतो. मालिकेचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे की कादंबरीतली निराशा त्यांना पटली नव्हती. त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं तरी दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या की हेच दिसतं.

इंडस्ट्रियाचं चित्रण पाहावं. या शहराची अणुभट्टी शेवटच्या घटका मोजते आहे. कच्चा माल म्हणून समुद्रावरून जुनं प्लॅस्टिक गोळा करून आणलं जातं. ‘बाराकुडा’ हे गलबत त्याच कामावर आहे. नागरिकांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि शहराच्या पोटात, तळघरांत, कपाळावर खूण केलेली माणसं राहतात. प्रशासनाचा प्रमुख लेप्का याला सौरऊर्जेचं रहस्य हवं आहे. ते रहस्य डॉ. लाओ या शास्त्रज्ञाकडे आहे, आणि लाओंपर्यंत पोचायचं तर त्यांची नात लाना हाती लागली पाहिजे. म्हणून लानाला पळवलं जातं, म्हणून ती समुद्रात पडून कोनानच्या बेटाला लागते. साऱ्या कथानकाच्या मुळाशी ऊर्जेची टंचाई आहे. 1973 च्या तेलसंकटाला पाचच वर्षं झालेली, जपानचं जवळजवळ सगळं तेल बाहेरून येणारं; त्याच 1973 साली साक्यो कोमात्सु यांच्या ‘जपान सिंक्स’ या देश बुडण्याच्या कादंबरीवर जपानी वाचकांची झुंबड उडालेली. खंड बुडणं आणि इंधन संपणं या दोन्ही गोष्टी 1978 च्या प्रेक्षकांना परक्या नव्हत्या.

पात्रांची अदलाबदल याहून बोलकी आहे. कादंबरीतला डाइस हा इंडस्ट्रियाचा अधिकारी. मालिकेत तो बाराकुडाचा कप्तान होतो, भित्राही आणि लोभीही, पण लानाला वाचवायला उभा राहतो आणि स्वतःच्याच सरकारविरुद्ध जातो. कादंबरीतल्या डॉ. मान्स्की या बाईची मालिकेत मॉन्स्ली होते. पहिल्या भागात तीच बंदूकधारी माणसं घेऊन बेटावर येते, लानाला नेते, आणि त्या झटापटीत म्हातारा जिवाला मुकतो. हीच मॉन्स्ली पुढे बदलते, कारण तिलाही लहानपण होतं आणि त्या लहानपणावर युद्ध कोसळलं होतं. मालिका तिला क्षमा मागायला लावत नाही. ती तिला आधी काम देते, मग सोबत देते आणि शेवटच्या भागात डाइसशी तिचं लग्न लावते. मुलांच्या मालिकेत खलनायिकेला इतका वेळ देणं तेव्हा दुर्मीळ होतं, आणि मला हा भाग आजही फार मोलाचा वाटतो.

आता भागांच्या शीर्षकांची यादी. एखाद्या मालिकेची आखणी समजून घ्यायला शीर्षकांसारखा दस्तऐवज नाही. एकोणिसाव्या भागाचं नाव ‘महालाट’. कादंबरीचं नाव ज्या लाटेवरून आलं, तीच ही लाट. की यांचं पुस्तक त्या लाटेपाशी थांबतं. तिच्यापुढे लिहायला त्यांच्याकडे गोष्ट उरत नाही. मालिकेत लाट येऊन जाते आणि आणखी सात भाग उरतात. विसावा भाग ‘पुन्हा इंडस्ट्रियाकडे’, एकविसावा ‘तळघरातली माणसं’, बाविसावा ‘सुटका’. ज्या शहरातून पळ काढला, त्याच शहरातल्या माणसांना बाहेर काढायला ही मुलं परत जातात. इंडस्ट्रिया बुडायला लागतं तेव्हा तिथले रहिवासी जहाजातून निसटतात. कादंबरीत निसर्ग न्याय करतो. मालिकेत त्या न्यायापासून माणसांना वाचवायचं असतं, शत्रूच्या गावातल्यांनाही.

मधले भागही पाहावेत. तेरावा ‘हाय हार्बर’, चौदावा ‘बेटावरचा एक दिवस’, पंधरावा ‘ओसाड जमीन’, सोळावा ‘दोघांची झोपडी’. तीन महिने पाठलाग, तुरुंग, स्फोट दाखवल्यावर मालिका चक्क शेतावर येऊन बसते. कोनान आणि त्याचा मित्र जिम्सी इथे काम करायला, वाटून खायला, दुसऱ्याची डुकरं न मारायला शिकतात. प्रलयानंतरच्या गोष्टी बहुतेक वेळा उरलेल्या साठ्यावरून होणाऱ्या मारामारीवर उभ्या राहतात. इथे साठा संपल्यावर काय पेरायचं, हा प्रश्न बराच वेळ पडद्यावर राहतो. हा संथपणा बारा तासांच्या अवकाशामुळेच शक्य झाला.

ही मालिका आज ओळखली जाते ती ‘मियाझाकींचं सुरुवातीचं काम’ म्हणून. त्यात खोटं काही नाही. तेव्हा सदतिशीत असलेल्या मियाझाकींनी मालिकेची सूत्रं पहिल्यांदाच पूर्णपणे आपल्या हाती घेतली ती इथे. पण श्रेयनामावली वाचली की चित्र गजबजतं. ॲनिमेशन दिग्दर्शक यासुओ ओत्सुका. मियाझाकींहून वडील, अनुभवी, आणि यंत्रं, गाड्या, विमानं काढण्यात त्यांचा हात धरणारं क्वचितच कोणी. गिगांत नावाचं प्रचंड विमान, त्याच्या पंखांवरून पळणारी मुलं, पायाच्या बोटांनी पकड घेऊन लोंबकळणारा कोनान, यांतलं वजन आणि गंमत ओत्सुकांशिवाय आली नसती. मियाझाकींचे जुने सहकारी इसाओ ताकाहाता यांनी काही भागांचे स्टोरीबोर्ड केले. काही भागांचे स्टोरीबोर्ड योशियुकी तोमिनो यांचे आहेत. याच तोमिनोंची ‘गुंडाम’ पुढच्याच वर्षी, एप्रिल 1979 मध्ये सुरू झाली, आणि तिच्याही आरंभीच्या निवेदनात अर्धी मानवजात नष्ट झालेली आहे. कलादिग्दर्शन निझो यामामोतो यांचं, संगीत शिनइचिरो इकेबे यांचं. ओत्सुकांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या कामाबद्दल लिहिलं आहे. एका थोर नावाच्या पायथ्याशी हे सगळे हात गाडून टाकले तर कागदांवर अन्याय होतो.

आठव्या भागातला समुद्राखालचा प्रसंग जगभरच्या चाहत्यांना माहीत आहे. बेड्या घातलेला कोनान तळाशी अडकलेला आहे आणि लाना पुन्हा वर जाऊन आपल्या तोंडातून त्याच्यासाठी हवा आणते. संवाद जवळजवळ नाहीत. कोनानचा आवाज नोरिको ओहारा यांचा. 1979 पासून पंचवीसहून जास्त वर्षं त्या जपानी ‘डोरेमॉन’मधल्या नोबिताचा आवाज होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या घराघरांत पोचलेल्या त्या रडव्या मुलाचं आणि या निर्भय मुलाचं मूळ एकाच गळ्यात आहे. निर्मिती संस्था निप्पॉन ॲनिमेशनही आपल्याला परकी नाही. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी आलेली ‘जंगल बुक’ तिचीच.

मग कोनान आपल्यापर्यंत का आला नाही? ‘दुर्लक्षित’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कुवेतमध्ये या मालिकेचं अरबी रूपांतर झालं. ‘अदनान व लीना’ या नावानं ती आखातातल्या दूरचित्रवाणीवर आली आणि अरब जगातल्या एका पिढीच्या बालपणाचा भाग झाली. इटलीत ती 1981 मध्ये पोचली. जपानमध्ये पहिल्या प्रक्षेपणात तिला फार मोठा प्रेक्षक लाभला नाही, पण पुनःप्रक्षेपणांतून तो वाढत गेला. 1979 च्या सप्टेंबरमध्ये मालिकेतली दृश्यं जोडून एक चित्रपट काढला गेला. त्याचं दिग्दर्शन हाजिमे सातो यांचं होतं आणि मियाझाकींचा त्यात सहभाग नव्हता. चित्रपटाच्या लांबीत जे मावत नाही, तेच या मालिकेचं बळ आहे, म्हणून त्या चित्रपटावरून मालिकेचं मोजमाप करू नये.

राहिली इंग्रजी. अमेरिकेत मालिकेची अधिकृत, नीट सुधारलेली आवृत्ती जीकिड्स या कंपनीनं 2021 मध्ये आणली, म्हणजे पहिल्या प्रक्षेपणानंतर त्रेचाळीस वर्षांनी. आपण भारतात ॲनिमेशनच्या याद्या आणि इतिहास बहुतांशी इंग्रजीतूनच वाचतो. इंग्रजीतली पोकळी तीच आपली पोकळी झाली. कुवेतच्या किंवा रोमच्या मुलांना ती कधीच जाणवली नाही.

2020 च्या मे महिन्यात एनएचकेनं कोनान पुन्हा दाखवायला घेतली. साथीमुळे ‘किंगडम’ या मालिकेच्या नव्या पर्वाचं काम अडलं होतं आणि ती वेळ रिकामी झाली होती. पाहायला घेणाऱ्यानं आठव्या भागाच्या कीर्तीमुळे तिथून सुरुवात करू नये. पहिला आणि दुसरा भाग आधी पाहावा. दुसऱ्या भागात कोनान आजोबांना पुरतो, दुःखानं वेडापिसा होऊन मोठमोठे दगड भिरकावतो आणि मग बेट सोडायची तयारी करतो, कारण माणसं शोध, असं म्हातारा जाताना सांगून गेलेला असतो. शेवटच्या भागात ही मंडळी त्या बेटाकडे परततात तेव्हा समुद्राचा तळ वर उचलला गेलेला असतो आणि ते बेट एका नव्या, मोठ्या भूमीचा भाग झालेलं असतं. कादंबरीत हा शेवट नाही. तो टोकियोतल्या त्या टेबलांवर, पाच मंगळवारांच्या सवलतीत, काढला गेला.